पाटीवरचे नाव, तोंडातले नाव

मुंबईच्या मोनोरेलचे दक्षिणेकडील शेवटचे स्थानक कोणते? पाटीवर लिहिले आहे : संत गाडगे महाराज चौक. वडाळ्यापासूनचा दुसरा टप्पा मार्च 2019 मध्ये सुरू झाला, तेव्हा रस्त्याच्या डोक्यावर उभारलेले हे स्थानक खुले झाले. पण पत्ता सांगताना आपल्या तोंडी अजून 'जेकब सर्कल' नाहीतर 'सात रस्ता'च येते.

वाचकहो, हे नाव साधे नाही. दिवसा खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडायची, हे बाबांचे काम. स्वतः शाळेची पायरी चढले नाहीत. पण भांडी मोडा, हातावर भाकरी खा, मुलांना मात्र शिकवा, असे ते सांगत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर चौदाच दिवसांनी, 20 डिसेंबर 1956 रोजी, तेही गेले.

सप्टेंबर 2025 मध्ये सुधारणांसाठी मोनोची सेवा थांबवण्यात आली. गाडीचे काम सरकार पाहील. नावाचे काम आपले आहे. आम्ही एवढेच म्हणतो : यापुढे पत्ता सांगताना 'गाडगे महाराज चौक' म्हणा. हे कोण, असे मुलांनी विचारलेच, तर दोन मिनिटे थांबून सांगा.