पट मोजण्यापूर्वी वाट मोजा

वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव राज्याच्या शिक्षण आयुक्तालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये मागविले. अशा शाळा १४ हजार ७८३ आणि त्यांतील विद्यार्थी १ लाख ८५ हजार ४६७, असे तेव्हा सांगण्यात आले. म्हणजे शाळेमागे सरासरी बारा-तेरा मुले. हिशेबनिसाच्या दृष्टीने युक्तिवाद बिनतोड आहे. परंतु रत्नागिरी जिल्ह्यातील वाडी हिशेबनिसाच्या कागदावर मावत नाही.

संगमेश्वर तालुक्यातील एका वाडीत आमच्या परिचयाचे एक कुटुंब आहे. त्यांचा मोत्या दोरीला दाद देत नाही. पट्ट्यातून मान सोडवून तो रोज सकाळी मुलांमागोमाग शाळेत जाई आणि प्रार्थना संपली की एकटाच घरी परते. पुढे वाडीतली शाळा बंद झाली. मुले आता पऱ्या ओलांडून, चढण चढून शेजारच्या गावी जातात. मोत्या आजही निसटतो, पण आता त्याच्यामागे माणूस धाडावा लागतो. कारण त्या रानात बिबट्याचा वावर आहे आणि कुत्रा हे त्याचे आवडते भक्ष्य. ज्या वाटेवर कुत्र्याला मोकळे सोडण्यास घर धजत नाही, त्याच वाटेने सहा-सात वर्षांची लेकरे दप्तर घेऊन जातात!

शिक्षणहक्क कायद्याखालील नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. आषाढात पऱ्या दुथडी भरून वाहू लागला म्हणजे हा किलोमीटर किती लांबतो, हे मंत्रालयातून कसे दिसणार?

पट घटला, हे मात्र खरे. जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६ लाख ९६ हजार होती, ती २०११ मध्ये १६ लाख १५ हजारांवर आली. तरुण मुंबईला गेले; उरलेल्यांतील ऐपतदारांची मुले इंग्रजी माध्यमाच्या गाडीत बसली. चार मुलांच्या शाळेत खेळायला सवंगडी मिळत नाही, हा आक्षेपही खोटा नव्हे. तेव्हा शाळा एकत्र करायच्याच असतील तर आधी रस्ता, साकव आणि घराजवळ येणारे वाहन द्यावे. कुलूप नंतर लावावे. आजवर बहुधा क्रम उलटा राहिला आहे.

मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत पायपीट केली आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परत पाठविण्यात आले, ही कथा आपण अभिमानाने सांगतो. पण ती पायपीट करण्याची उमेद ज्यांनी दिली, ते सोमण गुरुजी मुरुडातच शिकवीत होते, हे का विसरतो?

दोष केवळ शासनाचा नाही. कोकणातील गावोगावच्या मंडळांनी मुंबईत वर्गणी गोळा करून ग्रामदेवतेच्या मंदिरांचे जीर्णोद्धार केले. श्रद्धेने केले, उत्तम केले. त्याच गावच्या शाळेचे छप्पर गळत असताना किती मंडळांच्या सभेत तो विषय निघाला? गणपतीला चाकरमानी घरोघरी येतील, मंडळाची सभाही भरेल. तेथे शाळेच्या पटाचा कागद मागवून घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांबरोबर ती वाट एकदा चालून पाहावी.