खोल्या किती, हे घराला विचारून ठरवा

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा पावसाला जेमतेम दोन आठवडे उरले असतील. पणजीच्या फोंताइन्हासमध्ये सध्या गडी छपरावर चढून नळे परतत आहेत आणि पन्हळींत साचलेला पाला उपसत आहेत. जुन्या घरात न्याहारी-निवास चालवणाऱ्या आपल्या वाचकांपैकी बऱ्याच जणांच्या घरी हीच लगबग असणार. म्हणूनच हे आज लिहितो आहे. एकदा पाऊस लागला की भिंतीला हात लावता येत नाही.

गेल्या जुलैत फोंताइन्हासमधल्या अशाच एका घरी तीन रात्री राहिलो. घराचे नाव सांगत नाही, कारण दोष त्या एका घराचा नाही. रुंद जिना, लाकडी माडी, शिंपल्यांच्या तावदानांतून झिरपणारा दुधी उजेड. दुसऱ्या दिवशी दुपारी पलंग सरकवताना उशालगतची भिंत हाताला ओली लागली. पलीकडच्या खोलीचे न्हाणीघर याच भिंतीला टेकवले होते. गिलाव्याला लोणा लागून पापुद्रे सुटत होते आणि खालची पाटई पायाखाली किंचित दबत होती. घरमालकिणीला विचारले तेव्हा त्यांनी काही लपवले नाही. सुरुवातीला चार खोल्या होत्या. कर्जाचा हप्ता बसेना, म्हणून मधल्या सालाचे, म्हणजे दिवाणखान्याचे, दोन भाग केले, देवघरालगतची खोली घेतली, सात खोल्या झाल्या आणि प्रत्येकीला स्वतंत्र न्हाणीघर आले. त्या स्वतः आता स्वयंपाकघरामागच्या अंधाऱ्या खोलीत झोपतात.

ते घर तेव्हापासून माझ्या मनातून गेलेले नाही.

फोंताइन्हास ही आल्तिनोची टेकडी आणि खाडी यांच्यामधली चिंचोळी पट्टी. टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या झऱ्यावरून तिला नाव पडले. एके काळी इथे मोझांबिकहून परतलेल्या एका सधन गृहस्थाची माडांची बाग होती. लोक त्याला मोसमीकार म्हणत. रोगराईने जुने गोवे ओस पडू लागले, १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपले निवासस्थान पणजीच्या आदिलशाही वाड्यात हलवले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. त्या काळात कारकून, वकील, व्यापारी अशा लोकांनी इथे भिंतीला भिंत लावून घरे बांधली. सेंट सेबॅस्टियनचे चॅपेल १८१८ चे. ३१ जानेवारी हे नाव मिरवणारा रस्ता १८९१ साली पोर्तो शहरात झालेल्या प्रजासत्ताकवाद्यांच्या उठावाची आठवण ठेवतो. चार पावलांवर मळ्याचा मारुती. एवढ्याशा जागेत एवढे सगळे आहे, आणि त्यात माणसे अजून राहतात. पाहुणा इथे येतो तो यासाठीच.

ही घरे टिकली त्यात आपल्या व्यवसायाचा वाटा मोठा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या गोव्याच्या वारसाकायद्यात मुलांचा वाटा सहजी डावलता येत नाही. दोन पिढ्यांत एका घराचे वीस वारस होतात. त्यातले काही लिस्बनला, काही मुंबईला, काही आखातात. छपराचा खर्च कोणी करायचा यावर एकमत होईपर्यंत छप्परच खाली येते. अशा वेळी घर स्वतःच्या दुरुस्तीपुरते कमावू लागले तर कुलूप निघते. पणजी इन, राजांगण असलेल्या जुन्या हिंदू घरातले पणजी पौजादा आणि पूर्वी शाळा असलेल्या इमारतीतले पणजी पीपल्स या हॉटेलांनी हे करून दाखवले. पाडून नवे बांधण्याखेरीज दुसरा मार्ग नाही असे सांगितले जात होते, तेव्हा हे उत्तर समोर आले.

पण कमाईच्या ओघात आपण घराला काय प्यायला लावतो, याचा हिशेब फार थोडे जण करतात. हॉटेलातल्या दर खाटेमागे दिवसाला १८० लिटर पाणी धरावे, असे भारतीय मानक आहे. दोन खाटांची एक खोली म्हणजे ३६० लिटर. चारच्या सात खोल्या झाल्या की रोजचे १,४४० लिटर २,५२० वर जातात, आणि वाढलेले सगळे पाणी जिथे कधीच पाणी नव्हते अशा माडीवर चढते. ज्यांनी ही घरे बांधली त्यांनी न्हाणी मागच्या पडवीत, विहिरीजवळ, मुख्य भिंतींपासून दूर ठेवली होती. जांभा पाणी पितो हे त्यांना ठाऊक होते.

जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो. ओल त्यात शिरते आणि चुन्याच्या गिलाव्यातून बाहेरही पडते. पणजीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरीही या भिंती शंभर-दीडशे वर्षे उभ्या आहेत, कारण चार महिन्यांत प्यालेले पाणी उरलेल्या आठ महिन्यांत त्या सोडून देतात. न्हाणीघराच्या पाण्याला असा ऋतू नसतो. ते बारा महिने चालू असते. भिंतीला सुकायची उसंत मिळत नाही. त्यावर आपण सिमेंटचा गिलावा आणि चकचकीत फरशा चढवल्या की ओल अडकते, वाट मिळेल तिकडे सरकते आणि शेवटी भिंतीत रोवलेल्या तुळईच्या टोकाशी पोचते. तुळई आतून भुसभुशीत होते. वाळवीला आणखी काय हवे? हे सगळे रंगाखाली घडते, म्हणून पाच-सात वर्षे कळतही नाही.

वातानुकूलन यंत्राचे तसेच. शिंपल्यांची खिडकी बंद करून खोली थंड केली की दमट हवेतली वाफ गार भिंतीवर बसते आणि बुरशी धरते. मग कोणी तरी खिडकीच काढून काच बसवतो. ज्या शिंपल्याची ही तावदाने बनत, तो आता वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. मोडलेल्या तावदानाच्या जागी नवे आणायची सोयच राहिलेली नाही. जुन्या खिडक्या काढून अडगळीत टाकल्या असतील तर आजच त्या उतरवून घ्या, एकेक शिंपला जपून ठेवा.

उपाय आपल्या वाचकांतल्या गवंड्यांना आणि वास्तुरचनाकारांना माहीत आहेत. न्हाणीघरे शक्यतो तळमजल्यावर, मागच्या बाजूला, एका ओळीत. माडीवर नेलीच तर हलक्या सांगाड्यावर, मूळ भिंतीपासून चार बोटे सुटी, म्हणजे मधून हवा खेळेल. नळ भिंतीत पुरायचे नाहीत, उघडे ठेवायचे. दिसायला थोडे वाईट, पण गळती त्याच दिवशी दिसते. चुन्यावर प्लॅस्टिक रंग लावायचा नाही. आणि चार खोल्यांना दोन न्हाणीघरे असली तर तसे आधीच स्पष्ट सांगून दर थोडा कमी ठेवायचा. पाहुणे ऐकत नाहीत, ही तक्रार मला पटत नाही. जुन्या घरात मुद्दाम राहायला आलेल्या माणसाला, भिंत वाचावी म्हणून आम्ही असे केले, हे सांगितले तर बहुतेकांना ते आवडते.

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या न्याहारी-निवास योजनेत जास्तीत जास्त ६ खोल्या, म्हणजे १२ खाटा, चालतात आणि मालकाने तिथेच राहणे आवश्यक असते. अनेकांना ही अट जाचक वाटते. मला ती या योजनेतली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. रात्री अडीचला गच्चीवरचा पाइप फुटल्याचा आवाज मालकाच्या कानावर पडतो. दुसऱ्या शहरात बसून आरक्षणे सांभाळणाऱ्या व्यवस्थापकाच्या पडत नाही. शेजारच्या आजारी म्हातारबुवांना गाण्याचा त्रास होतो, हे पाहुण्याला सांगू शकतो तोही मालकच. फोंताइन्हासच्या दारांवर छायाचित्रे काढू नका अशा पाट्या लागल्या, त्या लोक खडूस आहेत म्हणून लागलेल्या नाहीत. सकाळी दार उघडावे तर उंबऱ्यावर लग्नाआधीची छायाचित्रे काढायला नटून आलेले जोडपे उभे, हे रोज कोण सोसेल?

लिस्बनकडे पाहा. आल्फामा, मोरारिया या जुन्या वस्त्यांत घरामागून घर पर्यटकांना अल्पमुदतीच्या भाड्याने गेले. भाडी रहिवाशांच्या आवाक्याबाहेर गेली, आणि २०१८ मध्ये अखेर अशा वस्त्यांत नवी नोंदणी थांबवण्याची पाळी तिथल्या पालिकेवर आली. फोंताइन्हासमध्ये काही मोजक्याच गल्ल्या आहेत. इथे तशी पाळी यायला वेळ लागणार नाही.

न्याहारीबद्दल एवढेच, की पहाटे पोदेर, म्हणजे पाववाला, भोंगा वाजवत दारावरून जात असताना पाहुण्याच्या ताटात कारखान्यातला कापीव पाव आणि चिमुकल्या डबीतला मुरंबा ठेवू नका. पोय घ्या, घरातली पातळ भाजी वाढा. खर्च कमी येतो.

आणखी एक. आपल्या काही सदस्यांच्या जाहिरातींत फोंताइन्हासला युनेस्कोचा जागतिक वारसा म्हटलेले असते. १९८६ मध्ये त्या यादीत गेली ती जुन्या गोव्याची चर्चे आणि मठ. फोंताइन्हास त्यात नाही. हे वाक्य जाहिरातीतून काढून टाका. या वस्तीला उसन्या बिरुदाची गरज नाही.

पुन्हा त्या सात खोल्यांच्या घराकडे येतो. घरमालकिणींनी या हंगामात दोन खोल्या बंद केल्या आहेत आणि मधली भिंत काढून साल पूर्ववत केला आहे, असे त्यांनी गेल्या महिन्यात फोनवर कळवले. हप्त्याची मुदत बँकेकडून वाढवून घेतली. न्हाणीघर उखडले तेव्हा तुळईचे वीतभर टोक हाताने चुरडले जात होते. सुताराने कुजका भाग कापून जुन्या सागाचा तुकडा जोडला आहे.

तुमच्याकडे अजून दोन आठवडे आहेत. प्रत्येक न्हाणीघराच्या पलीकडची भिंत तळहाताने चाचपून पाहा, तुळईच्या टोकाशी टोचणीने टोचून पाहा. कुठे ओल लागली तर त्या खोलीचे जून ते सप्टेंबरचे आरक्षण आजच रद्द करा.