होडी घ्यायची? आधी गाडी मोजा!

मैत्रिणींनो, आपल्या या सदराला येणारी पत्रं बहुतेक लोणच्याला बुरशी का आली, रेशमी साडीवरचा तेलाचा डाग कसा काढावा अशा चालीची असतात. या आठवड्यात मात्र थेट अमेरिकेतल्या ह्यूस्टनहून एका भगिनीचं पत्र आलंय. त्यांच्या आई आपले अंक साठवून त्यांना पाठवतात. पत्रातला प्रश्न असा : यजमानांना मासे धरण्याचा नाद लागलाय. घरी पिकप गाडी आहे. आता मासेमारीची कयाक घ्यायची म्हणून त्यांनी दुकानात पाहून ठेवलीय, १२ फुटी, पायडलची, ४५ किलो वजनाची. गाडीचा हौदा साडेपाच फुटांचा. उचलायला दुसरं माणूस म्हणजे या बाईच. नऊ वर्षांच्या मुलालाही बाबांबरोबर जायचंय. 'नको म्हटलं तर घरात रुसवा, हो म्हटलं तर माझ्या जिवाला घोर,' असं त्या लिहितात.

आपल्यापैकी कितीतरी जणींच्या लेकी-सुना तिकडे आहेत, म्हणून उत्तर सगळ्यांसाठीच देते. मागच्या वर्षी शाळेच्या सुट्टीत मी धाकट्या भावाकडे टेक्सासमध्येच होते. दर शनिवारी पहाटे त्याची होडी गाडीत चढवायला मी आणि भावजय! तेव्हा हे सगळं हाताखालून गेलेलं आहे.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. कयाक म्हणजे एका माणसाची लांबट, अरुंद होडी. दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने ती हाकतात. ही मूळची उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून ते ती बनवत. आणि गंमत पाहा, ते कातडं शिवायचं काम बायकांचं! प्राण्याच्या स्नायूंच्या दोऱ्याने, सुई कातड्याच्या आरपार जाऊ न देता त्या शिवत, म्हणजे पाण्याचा थेंब आत येत नसे. होडी ज्याची त्याच्या अंगाच्या मापाची असे. आपण ब्लाऊजचं माप देतो ना, तसं. आज ती प्लॅस्टिकची आणि दुकानातून तयार येते. म्हणून तर माप घ्यायची जबाबदारी आता आपल्यावर आली.

माझं सांगणं एवढंच : अंथरूण पाहून पाय पसरावेत, तशी गाडी पाहून होडी घ्यावी. तळ्यावर ती कशी चालते हे दुकानदार रंगवून सांगतो. पण घरातून तळ्यापर्यंत आणि तळ्यावरून घरापर्यंत ती कोण आणि कशी नेणार, हे तो सांगत नाही. जी होडी चढवणं-उतरवणं जिवावर येतं, ती दोन महिन्यांत गॅरेजमध्ये धूळ खात पडते. आणि नीट न बांधता नेलेली होडी हमरस्त्यावर मागच्या गाडीपुढे पडली, तर कुणाच्या तरी घराचं वाटोळं होतं.

निवड करताना

मासेमारीसाठी दोन तऱ्हा मिळतात. एकीत पाय आत घालून बसतात, दुसरीत वरच्या सपाट भागावर बसतात. नवशिक्याने वर बसायचीच घ्यावी. तिच्या तळाला आरपार भोकं असतात, त्यातून अंगावर उडालेलं पाणी आपोआप निघून जातं. चुकून कलंडली तरी ती पाण्याने भरत नाही आणि तिच्यावर पुन्हा चढता येतं. मात्र हे चढणं किनाऱ्यालगत, उथळ पाण्यात दोन-चारदा करून पाहायलाच हवं. रुंदी ३० ते ३६ इंच असली म्हणजे गळ टाकताना होडी फार डुलत नाही. जितकी रुंद तितकी स्थिर, पण तितकीच हळू आणि जड.

मग वजनाचा हिशेब. होडीवर किती भार पेलते ते लिहिलेलं असतं. तो आकडा पुरता वापरायचा नाही, दोन-तृतीयांशच धरायचा. समजा, यजमानांचं वजन ८२ किलो आणि खुर्ची, काठ्या, बर्फाची पेटी, नांगर मिळून २० किलो. झाले १०२. तर होडी निदान १५३ किलो पेलणारी हवी. आणि आकडा कितीही मोठा असला तरी एका बैठकीच्या होडीत मुलाला पुढ्यात बसवून न्यायचं नाही. त्याला न्यायचं तर दोन बैठकींची होडी भाड्याने घ्यावी. तिकडे पुष्कळ तळ्यांवर तासाच्या बोलीने होड्या मिळतात. खरं तर पहिले दोन-तीन शनिवार भाड्याच्याच होडीत काढावेत. नाद टिकतो की ओसरतो तेही कळतं!

पायडलची होडी मोहात पाडते. सायकलसारखं पायाने चालवायचं, हात गळासाठी मोकळे. पण ती महाग आणि जड. साधी वल्ह्याची १० फुटांच्या आसपासची होडी ३० किलोच्या आगेमागे असते. पायडलची ४५ आणि त्याच्याही वर. वजनातला हा फरक म्हणजे एक गव्हाचं पोतडं समजा. आणखी एक, टेक्सासमध्ये नुसत्या वल्ह्याच्या होडीची नोंदणी लागत नाही, पण तिला विजेवरची मोटर बसवली की नोंदणी करावी लागते.

गाडीचं माप

आपल्याकडे पिकप म्हटलं की भाजीचे क्रेट डोळ्यांसमोर येतात. टेक्सासमध्ये ती घरची गाडी, मुलांना शाळेत सोडायचीसुद्धा. तिचे हौदे साधारण साडेपाच, साडेसहा आणि आठ फुटांचे असतात. टेप घ्या आणि स्वतः मोजा. मागचा फाळका खाली पाडला की आणखी दोनेक फूट टेकायला मिळतात.

आता १२ फुटी होडी साडेपाच फुटांच्या हौद्यात ठेवा. तिचा मध्य येतो सहा फुटांवर, म्हणजे हौद्याच्या बाहेर, नुसत्या फाळक्यावर! फाळक्याच्या पुढेही साडेचार फूट शेपूट लोंबतं. रस्त्याला जरा खड्डा लागला की ते वरखाली आदळतं आणि सगळा मार फाळक्याच्या दोन तारांवर येतो. साडेदहा फुटी होडीचा मध्य मात्र जेमतेम का होईना हौद्यात राहतो. १२ फुटीच घ्यायची असेल, तर गाडीच्या मागे ओढणीसाठी जो चौकोनी खोबणीचा भाग असतो, त्यात बसवायचा लोखंडी टेकू मिळतो. त्यावर होडीचं मागचं टोक विसावतं. त्याचा खर्च होडीच्या किमतीत आधीच धरावा.

चढवणं आणि बांधणं

दोघांनी दोन टोकं धरून एकदम उचलायची नाही, कंबर धरते. आधी खुर्ची, पायडलचं यंत्र, काठ्या, पेटी सगळं काढून घ्यावं. तेवढ्यानेच बरंच वजन उतरतं. मग होडीचं नाक फाळक्यावर टेकवावं. त्यानंतर मागचं टोक उचलून पुढे ढकलावं. अशाने एका वेळी निम्म्याच्या आसपासच भार हातावर येतो. फाळक्याच्या कडेवर जुनी गोधडी घडी करून ठेवावी, प्लॅस्टिकला चरे पडत नाहीत. गाडीपासून पाण्यापर्यंत न्यायला दोन चाकांची लहान गाडी मिळते, ती अवश्य घ्यावी.

बांधायला सुतळी, नायलॉनची वाळत घालायची दोरी वगैरे चालणार नाही. रुंद पट्टे आणावेत, बकलातून हाताने ओढून घट्ट करायचे. दात्यांच्या चाकाचे पट्टे कचकचून आवळले जातात आणि टेक्सासच्या उन्हात मऊ झालेल्या प्लॅस्टिकला त्याने पोचे पडतात. दोन पट्टे आडवे, हौद्यातल्या कड्यांतून ओवलेले. शिवाय एक दोर पुढच्या टोकाला आणि एक मागच्या. नुसत्या मुठीला बांधून सोडू नये. ती मूठ हाताने उचलण्यापुरती असते. पट्ट्याला मध्ये एक पीळ दिला की वाऱ्याने तो थरथरत आणि गुणगुणत नाही. सगळं झाल्यावर होडी हाताने हलवून पाहा. होडीबरोबर गाडी हलली तर बांधणी पक्की. दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर एकदा थांबून पट्टे पुन्हा ओढा, ते सैल झालेले असतात.

माल गाडीच्या मागे चार फूट बाहेर आला की टेक्सासमध्ये दिवसा लाल झेंडा आणि रात्री लाल दिवे लावावे लागतात. मी म्हणते, फूटपट्टी घेऊन वाद घालायचाच कशाला? झेंडा नेहमीच लावावा. भडक लाल कापडाचा दीड फूट चौरस तुकडा घेऊन चारी बाजूंनी दुमडून शिवा, दोन बंद लावा. मशीनवर पाच मिनिटांचं काम. गाडीचे मागचे दिवे आणि नंबर झाकले जात नाहीत ना, तेही पाहा.

जिवाचा घोर

आता मुख्य गोष्ट. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या आकड्यांप्रमाणे २०२३ साली तिथे हौशी नौकांच्या अपघातांत ५६४ माणसं गेली. मृत्यूचं कारण कळलं त्यांतली चारांतली तीन बुडून. आणि ज्यांच्या जाकिटाची नोंद आहे अशा बुडालेल्यांपैकी शंभरात ८७ जणांच्या अंगावर ते नव्हतं. प्रत्येक माणसामागे एक जाकीट होडीत असायलाच हवं, असा कायदा आहे. १३ वर्षांखालच्या मुलाने तर होडी पाण्यात चालू असेतो ते अंगावर घातलेलंच हवं. पण होडीत ठेवलेलं जाकीट म्हणजे खुंटीला टांगलेला रेनकोट. तो पावसात काय कामाचा? मासेमारीची वेगळी जाकिटं मिळतात, पुढे खिसे असलेली. पाठीचा जाड भाग वर असतो, खुर्चीला टेकताना टोचत नाही. 'उकडतं' ही सबब मग उरत नाही. जाकिटाला एक शिट्टी बांधून ठेवावी.

दुसरं, जाण्याआधी एका कागदावर लिहून घ्या : कुठल्या तळ्यावर, गाडी कुठे लावणार, होडीचा रंग कोणता, बरोबर कोण, परत किती वाजता. तो कागद फ्रिजवर लावा. ठरल्या वेळेनंतर तासभर फोन लागला नाही, तर विचार करत न बसता ९११ ला फोन करून तो कागद वाचून दाखवायचा. तिकडचं तटरक्षक दलही हेच करायला सांगतं. आणि १७ वर्षांवरच्या प्रत्येकाला टेक्सासमध्ये मासे धरायचा परवाना लागतो, तोही विसरू नये. तुम्ही गंमत म्हणून काठी हातात घेणार असाल तर तुम्हालाही!

तळ्यावरून निघताना होडीतलं पाणी पूर्ण काढून टाकावं, एका तळ्यातले उपद्रवी शिंपले दुसरीकडे जात नाहीत. खाऱ्या पाण्यातून आणली तर साध्या पाण्याने धुवावी. घरी उन्हात ठेवू नये, सावलीत कुशीवर उभी करावी.

तेव्हा ह्यूस्टनच्या भगिनी, 'नको' म्हणू नका आणि डोळे मिटून 'हो'ही म्हणू नका. यजमानांबरोबर दुकानात जा. जाताना टेप न्या आणि होडीचं एक टोक स्वतः उचलून पाहा. उचललं नाही, तर ती होडी तुमच्या घरासाठी नाही, असं तिथल्या तिथे सांगा. भार उचलण्यात निम्मा वाटा तुमचा आहे, तर निवडीतही निम्मा हवा. मला विचाराल तर साडेदहा फुटी, वर बसायची, वल्ह्याची होडी तुमच्या गाडीला शोभेल. पायडलच्या होडीचे वाचलेले पैसे चांगल्या जाकिटांवर घाला. तीन घ्या, दोन नव्हे.

पुढच्या आठवड्यात : कडधान्यांना पोरकिडा लागू नये म्हणून काय करावं. तुमचे घरगुती उपाय अवश्य कळवा.