शिक्षण परिषदेचा दिवस शिक्षकांच्या शिकण्यासाठी मोकळा ठेवण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, जालना.

अर्जदार : जालना जिल्ह्यातील जिल्हा परिषद प्राथमिक शाळांमधील शिक्षक-शिक्षिका

विषय : केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षकांनी शिक्षकांकडून शिकण्याची सोय पुन्हा उभी करण्याबाबत.

महोदय,

सविनय निवेदन की, आम्ही खाली सह्या करणारे शिक्षक जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा या आठही तालुक्यांतल्या शाळांमध्ये शिकवतो. या निवेदनात पगाराचा, बदलीचा किंवा पदोन्नतीचा एकही मुद्दा नाही. ते मुद्दे घेऊन आमच्या संघटना आपल्याकडे वेळोवेळी येतात. आम्ही आज आलो आहोत ते महिन्यातून एकदा भरणाऱ्या केंद्राच्या शिक्षण परिषदेसाठी. तो एक दिवस आम्हाला शिकण्यासाठी मोकळा करून द्यावा, हे आमचे मागणे आहे.

आमच्यापैकी बरेच जण द्विशिक्षकी शाळांत आहेत. दोन खोल्या, चार वर्ग. सोबतचे गुरुजी रजेवर गेले किंवा टपाल घेऊन तालुक्याला गेले की पहिली ते चौथी एकट्याच्या पदरात पडते. अशा शाळेत शिकवताना काही अडले तर विचारायचे कोणाला? मोठ्या शाळेत मधल्या सुट्टीत शेजारच्या वर्गावरच्या बाईंना विचारता येते. वाडीवरच्या किंवा तांड्यावरच्या शाळेत मधल्या सुट्टीत आम्ही पोषण आहाराची खिचडी चाखून पाहत असतो आणि ताटे मोजत असतो. आपल्या कामाबद्दल आपल्यासारख्याच माणसाशी बोलायची संधी आम्हाला महिन्यातून एकदाच मिळते, ती शिक्षण परिषदेत. जुने गुरुजी तिला अजून केंद्रसंमेलनच म्हणतात.

त्या दिवशी काय घडू शकते याचा एक दाखला, हे निवेदन लिहिणाऱ्या शिक्षिकेच्या स्वतःच्या वर्गातला, येथे सांगते. माझ्या तिसरीच्या वर्गातली एक मुलगी ३०२ मधून १४८ वजा केले की २४६ लिहायची. अशा प्रकारच्या प्रत्येक गणिताला तिचे असेच काहीतरी उत्तर यायचे. मी लाल फुली मारायची आणि ‘नीट बघ’ म्हणायची. माझ्या नोकरीला तेव्हा बारा वर्षे झाली होती, म्हणजे ‘नीट बघ’ हे मी बारा वर्षे म्हणत आले होते. एकदा ती वही पिशवीत टाकून परिषदेला नेली. जेवणानंतर पाच-सहा जण वहीभोवती बसलो. निवृत्तीला आलेल्या एका गुरुजींनी दोन पाने उलटली आणि म्हणाले, “बाई, पोरगी धांदरट नाही. तिचा नियम पक्का आहे. दोनातून आठ जात नाहीत, म्हणून ती आठातून दोन काढते. शून्यातून चार जात नाहीत, म्हणून चारातून शून्य. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान. तुम्ही तिला नीट बघ म्हणता, आणि ती तिच्या नियमाने नीटच बघते.”

मग त्यांनी शाळेमागच्या कुडाच्या तुराट्या मागवल्या. बोटभर लांबीचे तुकडे केले, दहा-दहाचे गठ्ठे बांधले आणि असे दहा गठ्ठे एकत्र बांधून शंभराचा एक मोठा गठ्ठा केला. तीन मोठे गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवल्या आणि मला म्हणाले, “द्या मला आठ काड्या.” माझ्याकडे सुट्या दोनच, दहाचा गठ्ठा एकही नाही. आठ काड्या द्यायच्या तर आधी शंभराचा गठ्ठा सोडावा लागतो, मग त्यातून निघालेल्या दहा गठ्ठ्यांपैकी एक सोडावा लागतो. मधल्या घरात नऊ गठ्ठे का उरतात, हे मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिले होते. हाताला ते त्या दिवशी पहिल्यांदा कळले. दुसऱ्या दिवशी त्या मुलीने स्वतः गठ्ठा सोडला, काड्या मोजल्या आणि १५४ लिहिले. पुढच्या परिषदेला आमच्या केंद्रातल्या आणखी तीन शाळांचे शिक्षक तुराट्यांचे गठ्ठे घेऊन आले होते.

या सगळ्याला एक पैसा लागला नाही. कोणतेही पत्र निघाले नाही आणि प्रशिक्षणाचा टप्पाही झाला नाही. लागला तो दुपारचा दीड तास.

तो दीड तास आता मिळत नाही. परिषदेची विषयपत्रिका बहुधा वरून ठरून येते. पहिला तास परिपत्रकांच्या वाचनात जातो. मग यू-डायस, आधार जोडणी, पोषण आहाराच्या नोंदी, शिष्यवृत्तीचे अर्ज, कोणत्या शाळेची कोणती माहिती राहिली त्याची यादी. मग एखादे सादरीकरण पडद्यावर, तेही वीज असली तर. चहा होतो, फोटो काढले जातात, कारण फोटो अहवालाला जोडायचे असतात. वही दाखवायची म्हणून आणलेली शिक्षिका ती तशीच पिशवीत घेऊन परत जाते, कारण तिची शेवटची एसटी साडेचारला असते. यात आम्ही कोणा अधिकाऱ्याला दोष देत नाही. केंद्रप्रमुखांवर माहितीचा जो भार आहे तो आम्ही रोज पाहतो, आणि सगळे शिक्षक एका छताखाली सापडतात असा त्यांच्याकडेही हाच एक दिवस असतो.

केंद्राची ही रचना मात्र माहिती गोळा करण्यासाठी झालेली नव्हती. १९९४ मध्ये राज्याने केंद्रप्रमुखांची ४,८६० पदे निर्माण केली, ती जवळच्या शाळांचा गट करून शिक्षकांना हाताशी मार्गदर्शक मिळावा म्हणून. त्याच दशकात जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला. त्यात आपला जालना जिल्हाही होता, आणि गट साधन केंद्र, समूह साधन केंद्र हे शब्द आम्हाला तेव्हापासून माहीत झाले. त्या काळात नोकरीला लागलेले आमचे सहकारी सांगतात की केंद्रशाळेतल्या एका खोलीत पत्र्याची पेटी असायची आणि पेटीत प्रत्येकाने करून आणलेली साधने. चिंचोक्यांच्या माळा, पुठ्ठ्याची घड्याळे, कापडी अक्षरे. ज्याला हवे त्याने महिनाभर न्यावे आणि परत आणावे. शेजारच्या शाळांनी एकमेकींना धरून राहावे, हा विचार तर त्याहून जुना. १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाने तो मांडला होता आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तो पुन्हा घेतला आहे.

म्हणून आमची पहिली आणि मुख्य मागणी अशी की, शिक्षण परिषदेची तारीख वर्षाच्या सुरुवातीलाच ठरावी आणि त्या दिवशी केंद्रात कोणतीही माहिती मागितली जाऊ नये, भरून घेतली जाऊ नये, तपासली जाऊ नये. परिपत्रके आधी पाठवावीत, आम्ही वाचून येऊ. शंका असल्या तर त्यासाठी अर्धा तास पुरतो. त्या दिवशी दुसरी बैठक, मोहीम किंवा कार्यक्रम लावू नये. शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमाने शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अन्य अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली आहे. त्या कलमाचा हेतू निदान या एका दिवशी तरी अक्षरशः पाळला जावा.

परिषदेत काय घ्यायचे ते त्या केंद्रातल्या शिक्षकांनी आदल्या महिन्यात ठरवावे आणि दर वेळी एक खरा पाठ खऱ्या मुलांसमोर व्हावा. आदर्श पाठ आम्हाला नको. आदर्श पाठात मुले पढवलेली असतात आणि पाहणारे टाळ्या वाजवतात. आम्हाला जो घटक जड जातो तो आम्ही चार जणांनी मिळून आखावा, एकाने शिकवावा आणि बाकीच्यांनी शिक्षकाकडे न पाहता मुलांकडे पाहावे. कोणते मूल कुठे थांबले, कोणी शेजाऱ्याच्या पाटीत डोकावले, कोणाला उत्तर येत होते पण हात वर झाला नाही. मग बसून त्यावर बोलावे. जपानच्या प्राथमिक शाळांत शंभरहून अधिक वर्षे शिक्षक असेच पाठ एकत्र बसून आखत आणि पाहत आले आहेत. आपल्या केंद्रशाळेत ते करायला फळा आणि मुले एवढेच पुरे. अट एकच, पाठ चुकला तर त्याची नोंद कोणाच्या गोपनीय अहवालात जाणार नाही, असे आपण लेखी कळवावे. ती हमी नसेल तर पुढे येऊन कोणी चुकणार नाही, आणि चुकल्याशिवाय हे काम होणार नाही.

शेजारची शाळा पाहायला वर्षातून दोन दिवस कर्तव्यावर जाण्याची परवानगी द्यावी. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळा पाहायला २०१५ च्या सुमारास राज्यभरातून शिक्षक गेले. आमच्यातलेही काही स्वखर्चाने जाऊन आले. जमिनीवर आखलेल्या तक्त्यांभोवती मुले आपली आपण शिकत बसलेली पाहिल्यावर त्यांना जे उमगले, ते आधी वाचलेल्या पुस्तिकांतून उमगले नव्हते. पण दर वेळी साताऱ्याला जायची गरज नाही. पाच-सहा किलोमीटरवर कोणीतरी बहुवर्ग अध्यापन उत्तम करते आहे आणि आम्हाला ते माहीत नाही, ही खंत जास्त मोठी आहे.

मंठा, परतूर, घनसावंगी भागातल्या तांड्यांवरच्या शाळांचा प्रश्न आम्ही वेगळा मांडतो. तिथे पहिलीत येणारे मूल घरी गोरमाटी बोलते. चित्रातल्या भाकरीवर बोट ठेवून ते ‘बाटी’ म्हणते आणि नवा शिक्षक त्याला चूक ठरवतो. आई म्हणजे ‘याडी’ हे ज्याला माहीत नाही त्याच्यासमोर ते मूल पहिले सहा महिने गप्प बसते, आणि आपण कागदावर ‘अप्रगत’ लिहून मोकळे होतो. त्याच तांड्यावर सात-आठ वर्षे काढलेल्या शिक्षकाकडे दोनशे शब्दांची वही असते. त्याची बदली झाली की वहीही त्याच्याबरोबर जाते. तांड्यांवरच्या शाळांतील शिक्षकांची, त्यांचे केंद्र कोणतेही असो, वर्षातून तीनदा एकत्र बैठक व्हावी आणि अशा वह्यांची एक प्रत गट साधन केंद्रात राहावी. गोरमाटी बोलणारे आमचे सहकारी हे काम आनंदाने करतील, त्यांना कोणी अजून विचारलेले नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांचेही तसेच. दिवाळीनंतर वर्ग रिकामे होऊ लागतात. जी मुले आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात ती शाळेत दिसतात. जी आईबापांबरोबर कारखान्यावर जातात ती चैत्रात परततात तेव्हा वाचन विसरलेली असतात. मुलगी कोणत्या कारखान्याच्या अड्ड्यावर आहे हे आम्हाला पालकांकडून कळते. तिथल्या शाळेत कोण शिकवते ते कळत नाही. कळले तर एका फोनवर सांगता येईल की ही मुलगी जोडाक्षरांपर्यंत आली आहे, तिला पुन्हा मुळाक्षरांत बसवू नका. त्यासाठी आपण संबंधित जिल्हा परिषदांशी पत्रव्यवहार करून कारखाना परिसरातील केंद्रांची आणि केंद्रप्रमुखांची यादी दरवर्षी ऑक्टोबरपूर्वी आम्हाला उपलब्ध करून द्यावी. शिक्षकांची ही साखळी जिल्ह्याच्या हद्दीपाशी तुटते, आणि ती जोडण्याचा अधिकार आमच्याकडे नाही, आपल्याकडे आहे.

आता तुमचे व्हॉट्सॲप गट आहेत ना, असे आम्हाला कधी कधी ऐकवले जाते. आहेत. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा त्या गटांनीच आम्हाला सावरले आणि त्यांचा उपकार आम्ही मानतो. पण आज केंद्राच्या गटावर ‘तात्काळ’ आणि ‘आज पाच वाजेपर्यंत’ याखेरीज फारसे काही येत नाही. शिवाय माझ्या विद्यार्थिनीची वही त्या गुरुजींनी पाने उलटून पाहिली म्हणून तिचा नियम त्यांना सापडला. एका गणिताचा फोटो पाहून तो सापडला नसता.

केंद्रप्रमुखांच्या रिक्त पदांबाबत आपण शासनाकडे पाठपुरावा करावा. ज्यांच्याकडे दोन केंद्रांचा पदभार आहे किंवा जे स्वतःचा वर्ग सांभाळून केंद्र पाहतात, त्यांच्या केंद्रांत परिषदेपुरती साधनव्यक्तींची मदत द्यावी. राष्ट्रीय धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. परिषदेत आणि शेजारशाळेच्या भेटीत घालवलेले तास त्यात धरले जावेत, म्हणजे त्याच तासांसाठी पुन्हा मोबाइलवर चित्रफिती पुढे ढकलत बसण्याची वेळ येणार नाही. अहवाल एका पानाचा असावा : काय पाहिले, काय अडले, पुढच्या महिन्यात काय करून पाहणार. फोटो नसला तरी चालावे.

सर्व केंद्रांत हे एकदम सुरू करणे अवघड वाटत असेल तर प्रत्येक तालुक्यातले एक केंद्र निवडून येत्या सहा महिन्यांसाठी करून पाहावे. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या अधिव्याख्यात्यांनी त्या आठ केंद्रांत नियमित यावे, मार्गदर्शन करायला नव्हे तर आमच्याबरोबर बसायला. आणि त्यातल्या एका परिषदेला आपण स्वतः यावे ही विनंती. स्वागत, हार, दीपप्रज्वलन यांतले काहीही आम्ही करणार नाही. मागच्या बाकावर आपली जागा ठेवू आणि एक वही आपल्याही हातात देऊ.

या विषयावर बोलण्यासाठी आमच्यापैकी आठ जणांना, प्रत्येक तालुक्यातून एक याप्रमाणे, शाळेच्या वेळेनंतर अर्धा तास भेट द्यावी, ही नम्र विनंती.

स्थळ : जालना

आपले विश्वासू,
जालना जिल्ह्यातील जिल्हा परिषद प्राथमिक शाळांमधील शिक्षक-शिक्षिका
(सह्यांची पाने सोबत जोडली आहेत)

प्रत माहितीस्तव सविनय सादर :
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद, जालना
मा. प्राचार्य, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, जालना
मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती (सर्व)