रांजण घासला का?

नवरात्रात घट बसण्याआधी अहिल्यानगर जिल्ह्यात घरोघर गोधड्या धुतल्या जातात, जाळी-जळमटं निघतात. डेंग्यू मात्र सणवार पाहत नाही. त्याचा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला 8 ते 10 दिवस पुरतात. म्हणून ‘कोरडा दिवस’ दर आठवड्याला हवा. तोही नुसतं पिंप उपडं करून साधत नाही. अंडी आतल्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी काही महिने जगतात. काथ्यानं घासल्याशिवाय निघत नाहीत. टँकरचं पाणी ओतून द्या, असं सांगणाऱ्यानं पाथर्डीतला मे महिना पाहिलेला नसतो. ते फडक्यातून गाळून दुसऱ्या भांड्यात घ्यावं, अळ्या कोरड्या मातीत झटकाव्यात, झाकण घट्ट बसवावं. फ्रिजमागचा ट्रे तर कुणाला आठवतही नाही.