घरचें संगीत : जुना कॅसिओ आणि शुद्ध गांधार

नागपूरजवळील कोराडी येथील एका भगिनीनें आमच्याकडे प्रश्न पाठविला आहे. त्यांचे दीर औष्णिक विद्युत् केंद्रांतून निवृत्त झाले. घर आवरतांना त्यांच्या कपाटांतून सी-झेड १०१ या नांवाचा एक जुना कॅसिओ निघाला. भाऊजी तो पुतणीस देऊं इच्छितात. मुलगी अकरा वर्षांची असून दोन वर्षें गाणें शिकत आहे, आणि घरांत तंबोरा नाहीं, पेटीही नाहीं. मामंजींचें म्हणणें असें कीं, नवरात्रांत जगदंबेच्या यात्रेंत कर्ण्यांतून जें ऐकूं येतें तें वाद्य घरांत शिरल्यास मुलीचा गळा कायमचा बिघडेल. या मतभेदामुळें महिनाभर वाद्य पलंगाखालीं पडून आहे, व मुलगी दोघांच्याही तोंडाकडे पाहत आहे.

प्रथम हें वाद्य कोणत्या जातीचें तें पाहूं. हार्मोनियममध्यें वाऱ्याच्या झोतानें पितळेची जीभ थरथरते. येथें थरथरणारें कांहींच नाहीं. ध्वनिलहरीचा आकार अंकांनीं मोजून काढला जातो व त्या अंकांपासून विद्युल्लहर बनविली जाते. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत जॉन चाउनिंग यांना १९६७ मध्यें असें आढळलें कीं, एका स्वराची कंपनसंख्या दुसऱ्या स्वरानें अतिशय वेगानें हलविली तर घंटेसारखे, तुतारीसारखे नाना प्रकारचे नाद उत्पन्न होतात. जपानच्या यामाहा कंपनीनें ती युक्ति परवान्यानें घेऊन १९८३ मध्यें डीएक्स ७ हें वाद्य सुमारें दोन हजार डॉलरांस विकण्यास काढलें. पुढल्याच वर्षीं कॅसिओनें निराळ्या गणिताची सी-झेड १०१ ही धाकटी बहीण पांचशें डॉलरांच्या आंत बाजारांत आणली. तिचें गणित म्हणजे साधी गुळगुळीत लहर वाचतांना एकाच फेऱ्यांत वाचण्याचा वेग कमी-अधिक करावयाचा, कीं लहरीचा आकार वाकडा होऊन नाद तीक्ष्ण होतो.

स्वस्ताईच्या खुणा तिच्या अंगावर स्पष्ट आहेत. पट्ट्या एकोणपन्नासच आणि त्याही बोटभर लहान. जोरानें दाबा वा हळू दाबा, आवाज सारखाच. भाता नसल्यामुळें स्वर फुगवितां येत नाहीं. पोटांत कर्णा नाहीं. निराळा ध्वनिवर्धक तरी जोडावा लागतो, नाहीं तर कानाला हेडफोन लावावा लागतो. एकत्र कुटुंबांत ही दुसरी सोय मोठी वाटेल, कारण दुपारीं कोणाची झोप मोडणार नाहीं. परंतु ज्या मुलीचा रियाज घरांत कोणालाच ऐकूं जात नाहीं तिची चूकही कोणी सांगत नाहीं. एक गुण मात्र अनेकांना दोष वाटतो. हल्लींच्या घरगुती कीबोर्डांत एक कळ दाबतांच तबला, गिटार व सारा ताफा आपोआप वाजूं लागतो. सी-झेडमध्यें तसलें कांहीं नाहीं. यात्रेंतल्या कर्ण्याची मामंजींना वाटणारी भीति या वाद्यापुरती निराधार आहे.

त्यांची दुसरी शंका मात्र निराधार नाहीं. गळा बिघडेल असें जें ते म्हणतात त्यामागें शंभर वर्षांचा वाद आहे. पट्ट्यांच्या वाद्यांत सप्तकाचे बारा समान भाग करितात. सप्तकाचे बाराशें सूक्ष्म भाग कल्पिले तर तंबोऱ्याच्या षड्जाच्या तारेंतून आपोआप उमटणारा गांधार ३८६ व्या भागावर येतो. पेटीचा गांधार मात्र ४०० वर असतो. पंचमांत फरक अवघा दोन भागांचा; पण गांधारांत चौदा व शुद्ध धैवतांत सुमारें सोळा भागांनीं पेटी चढी असते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० मध्यें बावीस श्रुतींवर इंग्रजींत ग्रंथ लिहिला, आणि क्लेमंट्स या आय. सी. एस. अधिकाऱ्याच्या साहाय्यानें खास श्रुति-हार्मोनियम लंडनमध्यें बनवून घेतली. ती कांहीं घरोघरीं गेली नाहीं. पुढें ऑल इंडिया रेडिओनें १ मार्च १९४० पासून हार्मोनियमला आपलें दार बंद केलें, तें १९७१ पर्यंत उघडलें नाहीं. दरम्यान मराठी रंगभूमि व मैफिली पेटीवर पोसल्या गेल्या, आणि गोविंदराव टेंब्यांसारख्यांनीं तिला प्रतिष्ठा दिली, हेंही खरें. तथापि कसलेल्या गवयाच्या मागें पेटी वाजणें निराळें, आणि अकरा वर्षांच्या मुलीनें पट्टी दाबून तिच्यावर गांधार घोटणें निराळें. येथें आम्ही मामंजींच्या बाजूचे आहों.

मग कॅसिओ परत पलंगाखालीं ढकलावा काय? तसें करण्यापूर्वीं त्याच्या पोटांत एक गोष्ट पाहून घ्यावी. या वाद्यांत एका पट्टीमागें दोन लहरी वाजवितां येतात, व 'डीट्यून' या कळीनें दुसरी लहर पहिलीपासून हवी तितकी दूर नेतां येते : किती सप्तकें, किती अर्धस्वर, आणि एका अर्धस्वराचे सुमारें साठ भाग. दुसरी लहर सात अर्धस्वर व एक भाग वर ठेवली कीं एकाच पट्टींतून षड्ज व जवळजवळ खरा पंचम निघतो. तीन अर्धस्वर व बावन्नाच्या आसपास भाग ठेवले कीं षड्जाबरोबर देवलांना हवा होता तोच गांधार! पट्ट्यांवर जो स्वर नाहीं तो पट्टीच्या आंत दडलेला आहे.

ही गोष्ट मुलीकडूनच करवून घ्यावी. करवतीच्या दात्यांसारखी तीक्ष्ण लहर निवडावी, कारण तींत उपस्वर भरपूर असतात. पांढरी पांच हा षड्ज धरून आधीं एक लहर ठेवून सा आणि ग या दोन पट्ट्या एकदम दाबाव्या. स्वरांत सेकंदास सुमारें आठ ठोक्यांची थरथर ऐकूं येईल. मग वर सांगितलेल्या रीतीनें एकाच पट्टींतून सा व ग काढावे, आणि आंकडा एक-एक भागानें मागें-पुढें करून थरथर जेथें निवते तेथें थांबावें. आकड्यांवर विश्वासूं नये, कानावर विश्वासावें. नुसता तंबोराच हवा असेल तर तो आजकाल मोबाइलवरही मिळतो आणि त्याचा नाद या वाद्याहून गोड असतो. पण बिघडलेला गांधार आणि सुधारलेला गांधार शेजारीं-शेजारीं ठेवून आपल्या हातांनीं एकापासून दुसऱ्यापर्यंत जाणें मोबाइलवर सहसा होत नाहीं.

तेव्हां आमचें मत : कॅसिओ घ्यावा, दोन स्वरांच्या या आधारावर मुलीनें गावें, आणि पट्ट्यांवर गाण्याचे स्वर वाजवून मात्र त्यांमागें गाऊं नये. भावगीतें, शाळेंतील गाणीं बसविण्यास पट्ट्या खुशाल वापराव्या. तेथें चौदा भागांनीं कांहीं बुडत नाहीं. मींड काढण्याचें एक चाक डाव्या बाजूस आहे. त्याच्या नादीं लागूं नये. गळ्याची मींड चाकानें शिकतां येत नाहीं.

ज्यांना असलें जुनें वाद्य विकत घ्यावयाचें आहे त्यांनीं प्रत्येक पट्टी दाबून पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत. पट्ट्यांखालच्या रबरी जिभा धुळीनें मुक्या होतात, आणि विद्युत् केंद्राजवळच्या वस्तींत धुळीची वाण नाहीं. बहुधा त्या पुसल्यानें सुधारतात, पण फाटलेली जीभ मिळणें कठीण. जपानांतून थेट आलेल्या कांहीं वाद्यांना शंभर व्होल्टांचाच दाब चालतो. आपल्या दोनशें तीस व्होल्टांवर लावतांच तीं जळतात, म्हणून पाठीमागचा शिक्का वाचावा. सी-झेडला नऊ व्होल्टांचा अडॅप्टर लागतो, पण त्याच्या टोंकाच्या मध्यभागीं ऋण बाजू असावी लागते. सामान्य अडॅप्टरांत बहुधा उलट असतें. शिवाय त्यांत सहा मोठे सेल घालून ठेवावे लागतात, कारण वीज काढल्यावर स्मरण त्यांच्यावरच टिकतें. सेल जुने झाले कीं पाझरतात. ते वर्षाकाठीं बदलावे, आणि बदलतांना अडॅप्टर लावून ठेवावा, नाहीं तर मुलीनें बसविलेला गांधार पुसला जाईल. तिचे आंकडे तिच्याच वहींत लिहून ठेवलेले बरे.