गूल, गोल आणि खिडकीतला माणूस

ज्या चित्रपटाने जगाला आजचा झॉम्बी दिला, त्या चित्रपटात 'झॉम्बी' हा शब्द एकदाही येत नाही. जॉर्ज रोमेरो या पिट्सबर्गच्या तरुण दिग्दर्शकाचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' 1 ऑक्टोबर 1968 रोजी पहिल्यांदा पडद्यावर आला. त्यातला बातमीदार उठलेल्या मुर्द्यांना 'घूल' म्हणतो. इंग्रजीतला हा शब्द अरबी 'गूल'वरून गेलेला आहे.

उर्दू शिकवणाऱ्या माणसाला हा शब्द चटकन सोडवत नाही. जुन्या अरबांच्या समजुतीप्रमाणे गूल म्हणजे वाळवंटात रूप बदलून वाटसरूला वाट चुकवणारी बला. सहीह मुस्लिममधल्या एका हदीसमध्ये ही समजूत नाकारलेली आहे, पण लोककथांतून गूल काही गेला नाही. अठराव्या शतकात अरबी कथा युरोपात पोहोचल्या, तेव्हा तिकडे तो कबरी उकरून प्रेते खाणारा झाला. उर्दूत गैन, वाव, लाम ही तीन अक्षरे जोडून 'गूल' लिहितात. गंमत अशी, की तीच तीन अक्षरे 'गोल' अशीही वाचता येतात आणि त्याचा अर्थ होतो जमाव, टोळी. दोन्ही शब्दांची मुळे वेगळी आहेत. लिहिल्यावर मात्र दोन्ही सारखेच दिसतात. समोर भूत आहे की माणसांचा घोळका, हे वाचणाऱ्याने संदर्भावरून ठरवायचे. माझ्या मते हा चित्रपटही नेमके हेच विचारतो, आणि गेल्या पाच-सहा दशकांत आपण त्याच्याकडून बाकी सगळे घेतले, हा प्रश्न तेवढा मागे ठेवला.

घेतले ते काही थोडेथोडके नाही. रोमेरोच्या आधी पडद्यावरचा झॉम्बी हैतीतल्या लोकसमजुतीतला होता. जादूटोण्याने ज्याची इच्छाशक्ती काढून घेतली आहे, असा मालकासाठी राबणारा गुलाम. 1932 च्या 'व्हाइट झॉम्बी'त तो तसाच दिसतो. रोमेरोने मालकच काढून टाकला. मुर्दे आपोआप उठतात, अडखळत चालतात, माणसाचे मांस खातात, चावा बसलेला माणूस पुढे त्यांच्यातलाच होतो आणि डोक्यात गोळी घातल्याशिवाय थांबत नाहीत. बाहेर ते आणि आत कोंडलेली, आपसात भांडणारी माणसे. ही चौकट इतकी पक्की बसली, की 'रेसिडेंट एव्हिल'सारखे व्हिडिओ गेम, 'द वॉकिंग डेड' मालिका आणि कोरियाचा 'ट्रेन टू बुसान' हे सगळे तिच्यातच उभे राहिले. आपल्याकडे 2013 मध्ये 'गो गोवा गॉन' आला, 2022 मध्ये आदित्य सरपोतदार यांचा मराठी 'झोंबिवली'. आमच्या शाळेतली पोरे मधल्या सुट्टीत 'झॉम्बी झॉम्बी' खेळतात. हात लागला की तोही झॉम्बी. म्हणजे जुना साखळीचा खेळच, फक्त चाल बदललेली. रोमेरोचे नाव त्यांना माहीत नाही आणि असण्याचे कारणही नाही.

या प्रसाराचे एक कारण अगदी कारकुनी आहे. सुमारे 1 लाख 14 हजार डॉलरमध्ये उरकलेल्या या चित्रपटाचे नाव आधी वेगळे होते. ऐनवेळी नाव बदलताना नव्या पाटीवर स्वामित्वहक्काची ओळ टाकायची राहून गेली. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात त्या ओळीवाचून हक्कच उरत नसे. चित्रपट कोणीही फुकट दाखवावा, विकावा असा झाला. करणाऱ्यांच्या हाती त्याचे मोल फारसे लागले नाही, पण तो रात्रीच्या टीव्हीवर आणि स्वस्त कॅसेटवर घरोघर गेला. 1999 साली अमेरिकेने जतन करण्याच्या राष्ट्रीय चित्रपटांच्या यादीत त्याला जागा दिली.

आता शेवटाकडे येतो. चित्रपट पाहायचा राहिला असेल त्यांनी माफ करावे, पण शेवट सांगितल्यावाचून माझे म्हणणे पुरे होणार नाही.

एका शेतघरात सात माणसे अडकली आहेत. त्यांच्यातला धीराचा, डोके शांत ठेवून दारे-खिडक्यांना फळ्या ठोकणारा माणूस म्हणजे बेन. ही भूमिका ड्वेन जोन्स या काळ्या नटाने केली. पटकथेतला बेन रांगडा ट्रकचालक होता. स्वतः शिक्षकी पेशातल्या जोन्सने त्याचे बोलणे-वागणे बदलून घेतले. रात्रभरात बाकीचे सहाही जण जातात. काही मुर्द्यांमुळे, काही आपसातल्या हट्टामुळे. बेन एकटा वाचतो. सकाळी गोळ्यांचे आणि कुत्र्यांचे आवाज येतात. शेरीफ आणि बंदुका घेतलेले गावकरी मुर्द्यांचा बंदोबस्त करत येत असतात. मदत आली म्हणून बेन तळघरातून वर येतो, खिडकीतून डोकावतो. लांबून कोणाला तरी हालचाल दिसते. नेम धरला जातो आणि कपाळात गोळी. कोणी हाक मारत नाही, कोण आहेस म्हणून विचारत नाही. पुढे श्रेयनामावली सरकत असताना वर्तमानपत्रात छापल्यासारखी खरखरीत छायाचित्रे दिसतात. लोखंडी आकड्यांनी त्याचे प्रेत ओढून सरणावर टाकले जाते.

काळ्या माणसाला झाडाला टांगून शेजारी उभे राहून फोटो काढून घेणाऱ्या जमावांचा इतिहास ज्या देशात आहे, तिथे ही छायाचित्रे काय सांगत होती ते वेगळे उलगडायला नको. रोमेरो मात्र आयुष्यभर सांगत राहिले, की जोन्सला घेतले ते सर्वांत चांगला नट म्हणून, रंग पाहून नव्हे. चित्रपटाची प्रत गाडीत घालून ते न्यूयॉर्कला निघाले होते, तेव्हा वाटेत रेडिओवर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची बातमी ऐकली, असेही त्यांनी सांगितले आहे. तो दिवस होता 4 एप्रिल 1968.

म्हणून कोणी म्हणेल, दिग्दर्शकाच्या मनात नव्हते ते तुम्ही का घुसवता? मला हा आक्षेप पटत नाही. पटकथेत रंगाचा उल्लेख नसतानाही तो शेवट काळ्या प्रेक्षकाला ओळखीचा वाटला, यातच त्या समाजाबद्दलचे सत्य आहे. जॉर्डन पील यांनी या चित्रपटाचे ऋण उघडपणे मानले आहे. त्यांच्या 2017 च्या 'गेट आउट'मध्ये शेवटी रस्त्यावर गाडीचे लाल-निळे दिवे चमकतात आणि काळा नायक हात वर करतो, तेव्हा प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो. वाचवायला आलेले पोलीस मारतील ही ती भीती आहे. आधी चित्रित केलेल्या शेवटात तर त्याला अटकच होत होती. पील यांच्यासारख्या मोजक्यांनी बेनला लक्षात ठेवले. बाकीच्या पडद्याने मुर्दे उचलले आणि बंदूक उचलली. व्हिडिओ गेममध्ये खेळणाऱ्याच्या हाती तीच बंदूक असते. समोरून येणाऱ्याला नाव नाही, घर नाही, आणि मारणे म्हणजे साफसफाई.

हा नजरेचा सराव करमणुकीपुरता राहत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे. 2020 च्या साथीत आपल्या देशात आजारी माणसाची ओळख त्याच्या धर्माने सांगितली गेली. तबलीगी जमातीच्या निमित्ताने टोपी-दाढीवाला प्रत्येक जण चालताबोलता संसर्ग ठरला. भाजीच्या गाडीवाल्याचे नाव विचारून त्याला गल्लीबाहेर काढणाऱ्यांनी रोमेरोचा चित्रपट पाहिलेला नव्हता. पण 'तो माणूस नाही, लागण आहे' हे मात्र सगळ्यांना पाठ होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जमातीच्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवले गेल्याचे म्हटले. निकाल आला, पण तोवर गल्लीतला नेम धरून झाला होता.

यात आपणही फक्त खिडकीतले नाही. बेनसुद्धा फरिश्ता नव्हता. घरातल्या भांडणात तोही एकाला गोळी घालतो. आपल्या वस्त्यांत दुसऱ्या मसलकच्या माणसाकडे, बुरखा न घेणाऱ्या मुलीकडे, उलटा प्रश्न विचारणाऱ्या पोराकडे आपण कसे पाहतो? त्यांना 'बिघडलेले' म्हणतो आणि त्यांच्यामुळे बाकीचेही बिघडतील म्हणतो. लागणीची भाषा आपल्यालाही चांगली येते. 2018 च्या 'घूल' या हिंदी मालिकेत राधिका आपटेने रंगवलेली निदा रहीम स्वतःच्या बापाला संशयावरून यंत्रणेच्या हवाली करते. त्या मालिकेतल्या राक्षसापेक्षा मला तो प्रसंग जास्त भीतीदायक वाटला.

भयपट आपल्या मुलांनी पाहूच नयेत, असे म्हणणारे सहकारी मला भेटतात. लहानांपुरते ते ठीक आहे. पण नववी-दहावीची मुले मोबाइलवर काय पाहतात ते आपल्याला ठाऊक आहे. त्यांना निदान एवढे विचारायला शिकवू या, की या गोष्टीत गोळी कोण चालवतो आणि ज्याच्यावर चालते त्याला बोलायला मिळाले का. बेनने तोंड उघडून एक शब्द उच्चारला असता तर तो वाचला असता, कारण मुर्दे बोलत नाहीत. त्याला ती सवड मिळाली नाही. दुरून दिसणारा गूल आहे की गोल, हे आधी वाचायला हवे. त्यासाठी जवळ जावे लागते, हाक मारावी लागते, आणि उत्तर येईपर्यंत बोट चापावरून बाजूला ठेवावे लागते.